साटमांच्या घरी मीठ लागत नाही

ठाकूरद्वारच्या डॉक्टरांनी गणपत साटमांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, काचेच्या नळीतला पारा वर चढताना पाहिला आणि तोंडाने 'च्च' असा आवाज काढला. तो 'च्च' गणपतरावांपेक्षा शेजारी बसलेल्या मीनाक्षीला जास्त लागला. आपल्या वडिलांचा पारा चढतो हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. तो असा नळीत दिसतो, हे मात्र नवीन होतं.

"मीठ कमी करा," डॉक्टर म्हणाले. "जेवढं कमी तेवढं चांगलं. लोणचं, पापड, सुकी मच्छी, खारवलेलं सगळं बंद. ही गोळी रोज सकाळी घ्यायची. आणि चिडायचं नाही."

"मी कुठे चिडतो?" गणपतराव चिडून म्हणाले.

लालबागला डॉक्टर नव्हते असं नाही. पण लालबागच्या दवाखान्याचं बाकडं रस्त्याला तोंड करून असतं आणि त्यावर बसलेला माणूस दुपारपर्यंत चाळीच्या चारही मजल्यांना माहीत होतो. गणपतरावांना ते परवडणारं नव्हतं. गिरणीचा संप संपलाही नव्हता आणि चालूही नव्हता. साचेखात्यातली, मागावरची नोकरी गेली असं कोणी म्हणत नव्हतं, आणि आहे असं म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. अशात मजल्यावरच्या बाबुरावांनी शब्द टाकून रे रोडच्या एका गोदामात दरवानाची जागा मिळवून दिली होती. फक्त मेडिकल बाकी होतं, तेही दिवाळी झाली की. त्यात नापास झाले, तर त्या जागेसाठी त्याच चाळीत आणखी पाच जण देव पाण्यात घालून बसले होते.

"कोणाला बोलायचं नाय हां," जिना उतरताना गणपतराव म्हणाले. "तुझ्या आयशीला सांगू. बस. बाकी एक अक्षर नाय."

हे वाक्य ते मीनाक्षीला सांगत होते, यातच सगळं आलं. मीनाक्षी साटम, नववी ब. गेल्या महिन्यातल्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला होता, तोसुद्धा परीक्षकांनी घंटा वाजवल्यावरही ती थांबली नाही म्हणून. नाहीतर पहिलाच. तेव्हापासून तिला साधं बोलणं जमेनासं झालं होतं. नळाच्या रांगेत उभी असली तरी ती 'उपस्थित भगिनींनो' अशा नजरेने बायकांकडे पाहायची. अशा मुलीला गुपित सांभाळायला देणं म्हणजे मांजराला बोंबील राखायला बसवण्यासारखं होतं. पण मीनाक्षीने गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली आणि त्याच क्षणी मनात ठरवलं, की बाबांचं मेडिकल ती स्वतः पास करणार. म्हणजे बाबा होतील, पण करणार ती.

पहिला अडथळा घरातच होता. लक्ष्मीबाईंचा उजवा हात.

लक्ष्मीबाई स्वतः समजूतदार होत्या. डॉक्टरांचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, "नाय घालूचंय मीठ," असं त्यांनी गणपतीच्या तसबिरीकडे बघून कबूलही केलं. पण त्यांचा उजवा हात त्यांच्या ताब्यात नव्हता. आमटीला कढ आला की तो हात उठायचा, फळीवरच्या चिनी मातीच्या बरणीत जायचा, चिमूटभर खडेमीठ उचलायचा आणि पातेल्यात सोडून परत पदराला पुसून घ्यायचा. हे सगळं चालू असताना लक्ष्मीबाई तोंडाने सांगत असायच्या, "बघ गो, आज मी मीठ अजाबात घातलंय नाय."

मीनाक्षीने आधी भाषण दिलं. मग चहाचा चमचा दिला आणि सांगितलं की दिवसाचं मीठ यात मावेल तेवढंच. तो चमचा दुपारी खोबरं खरवडताना विळीखाली सापडला. तिसऱ्या दिवशी तिने आईचा हात पातेल्यावरच पकडला, तेव्हा लक्ष्मीबाई दचकून किंचाळल्या आणि चिमूट सोडून अख्खी मूठच आमटीत पडली.

"बापसाक मारतलंस तू!" लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"मी? मी वाचवतेय त्यांना!"

गणपतराव ती आमटी मुकाट्याने प्यायले. टाकून कशी द्यायची? संपाच्या दिवसांत अन्न टाकणारा माणूस गिरणगावात जन्मायचा होता.

तेव्हा मीनाक्षीने ठरवलं की हाताशी भांडण्यात अर्थ नाही, बरणीच हद्दपार केली पाहिजे. संध्याकाळी आई देवाला दिवा लावत होती. मीनाक्षीने बरणी उचलली, ओढणीखाली घेतली आणि शेजारच्या रमाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

आता दिवेलागणीला घरातलं मीठ बाहेर जाऊ देऊ नये, लक्ष्मी जाते, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मीनाक्षीलाही होतं. पण विज्ञानाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाने असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं, असं तिचं भाषणातलंच एक वाक्य होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या त्याला.

"काकू, ही बरणी तुमच्याकडे राहू दे."

रमाबाईंनी झाकण काढून आत पाहिलं. "अगो, ही तर भरलेली! आणि तिन्हीसांजेला? मग तुमका मीठ?"

खरं सांगायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं. मीनाक्षीने मान जराशी वर केली, वक्तृत्वाच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे थोडं थांबली आणि गंभीर आवाजात म्हणाली, "आमच्याकडे आता मीठ लागत नाही, काकू." वर एक शूर स्मित केलं.

त्या स्मितानेच घात केला. रमाबाई ते पाहून मटकन उंबऱ्यावर बसल्या. मीठ लागत नाही. म्हणजे मीठ आहे, पण ते घालायचं कशात, तेच उरलेलं नाही! साटमांची चूल बंद पडली! आणि पोर बघा कशी हसते, बापाची अब्रू झाकायला!

रात्रीची भांडी घासून होईपर्यंत ही बातमी नळावरून चौथ्या मजल्यावर गेली होती.

आता गिरणगावात एखाद्याच्या घरी अडचण आली की कोणी 'तुम्हाला अडचण आहे' असं म्हणत नाही. तशी पद्धतच नाही. वाटीवर ताटली झाकून पोराबरोबर पाठवायची आणि सांगायचं, 'जरा जास्त झालं' किंवा 'चव बघा म्हणावं'. घेणाऱ्याने 'कशाला एवढं' म्हणायचं आणि घ्यायचं. पाठवणाऱ्याचा मान राहतो, घेणाऱ्याचाही राहतो. दुसऱ्या दिवसापासून साटमांच्या दारात वाट्यांची रीघ लागली. सगळ्यांचं एकाच दिवशी जरा जास्त झालं होतं.

आणि या वाट्यांत काय होतं? चाळीत सगळीच घरं संपात होरपळलेली. भाजी, मासळी कोण देणार? द्यायला होतं ते गावाहून गोणत्यात आलेलं, टिकाऊ. रमाबाईंकडून सुकटीची चटणी आली. वरच्या मजल्यावरून खारवलेल्या मिरच्या आल्या. मग सुका बांगडा, मिठातली कैरी, पापड, मीठ लावलेली सोलं आणि आंब्याचं असं लोणचं, की त्याच्यावर मिठाचे कण चमकत होते. डॉक्टरांनी जे जे बंद म्हणून सांगितलं होतं, ते ते जणू कोणी यादी वाचून पाठवत होतं. मीनाक्षीने घरातून एक बरणी मीठ बाहेर काढलं होतं. चाळीने तिला दहा बरण्यांचं मीठ वाटीवाटीने परत केलं.

"अन्नाला नाय म्हणू नये," गणपतराव सुकटीच्या चटणीला बोट लावत म्हणाले. आळणी आमटीने आधीच गांजलेला माणूस तो. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज आलं.

मीनाक्षीने उपाय केले. बांगडा तीन पाण्यांतून धुतला, तो बांगड्यासारखा दिसेनासा झाला. मग खारेपणा निघून जावा म्हणून तिने पापडही धुतले. धुतलेल्या पापडाचं काय होतं, हे शास्त्राच्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. ते नंतर मोरी तुंबल्यावर कळलं. मोरी मोकळी करायला खालच्या मजल्यावरून माणूस बोलवावा लागला. त्याने हाताला लागलेला चिकट गोळा वर काढून पाहिला, वास घेतला आणि गॅलरीत जाऊन सांगितलं, "बिचारे पापडाची पेज करून पितात!"

यात अजून एक भर पडायची होती. वाटी रिकामी परत करायची नाही, हीसुद्धा पद्धतच. लक्ष्मीबाई पद्धतीच्या पक्क्या. जी जी वाटी आली ती त्यांनी धुऊन, पुसून, आपल्या घरची आमटी घालून परत पाठवली. घरची आमटी, म्हणजे बिनमिठाची. बरणी गेल्यापासून त्यांचा हात फळीपर्यंत जाऊन रिकामा परत येत होता.

रमाबाईंनी ती आमटी चाखली आणि त्यांना हुंदका आला. "आपल्या तोंडचा घास दिलान् हो! आणि मिठाचा खडा नाही त्यात!" दुसऱ्या दिवशी सुकट दुप्पट आली.

मीनाक्षीला यातलं काही कळत नव्हतं. आपल्या घराण्यावर चाळीचं एकाएकी प्रेम का उतू चाललंय, याचं तिने मनात उत्तर काढलं होतं. वक्तृत्वाचा दुसरा नंबर. कौतुक उशिरा का होईना, पोचतं.

पंधरवड्याने पुन्हा ठाकूरद्वार. पट्टा, फुगा, नळी. पारा मागच्या वेळच्याही वर गेला. डॉक्टरांनी या वेळी 'च्च' केलं नाही, चष्मा काढला.

"काय खाता काय तुम्ही?"

"आळणी आमटी," गणपतराव म्हणाले. ते खरंच होतं, अर्धं.

मीनाक्षीचं तोंड इतकंसं झालं. दार ढकलून दोघं बाहेर आली, तर बाकड्याच्या कडेला, ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढून एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसले होते. कानटोपी ओळखीची होती. तिच्याखालचे अण्णासुद्धा. रमाबाईंचे यजमान.

"अण्णा? तू इकडे?"

"मी... भाचीकडे आलेलो. इथेच राहते."

"दवाखान्यात राहते?"

अण्णांनी कानटोपी काढली. घामाने थबथबले होते. "गणपत, कोणाला बोलू नकोस. प्रेशर आहे मला. हिला सांगितलं नाय. सांगितलं तर लालबागचा भोंगा वाजवेल." मग गणपतरावांकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "तू कसा इथे?"

"मलापण तेच."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अण्णांचा चेहरा हळूहळू उतरला. "अरे देवा. ती सुकट तू खाल्लीस काय रे?"

"मग? तुमच्या घरून आलेली टाकून देऊ?"

"डॉक्टरने माझं खारं बंद केलं. हिला काय सांगणार? घरात गोणताभर सुकट. तेवढ्यात ही रडत आली, साटमांची चूल पेटत नाय म्हणून. म्हटलं, देऊन टाक सगळं, बिचाऱ्याला. बांगडा पण दे. हिला वाटलं, नवरा केवढ्या मोठ्या मनाचा! माझं प्रेशर उतरलं रे त्यानं!"

"आणि माझ्यात चढलं," गणपतराव म्हणाले. मग एकदम थबकले. "थांब. कोणाची चूल पेटत नाय?"

अण्णांनी सगळं सांगितलं. बरणी, उंबरा, शूर स्मित, पापडाची पेज. मीनाक्षीला वाटलं, ठाकूरद्वारची जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, दुसऱ्या नंबराच्या प्रशस्तिपत्रासकट.

बसमध्ये गणपतराव खिडकीचा गज धरून बसले. संपाच्या पहिल्या वर्षी याच माणसाने गावी जाऊन टेम्पोभर तांदूळ आणला होता आणि खोलीखोलीत शेर मोजून पोचवला होता, 'जरा जास्त झालं' म्हणून. त्याच्या घरात चूल पेटत नाही? मीनाक्षी त्यांच्या कानामागची शीर पाहत होती. ती टपटप उडत होती. चिडायचं नाही, चिडायचं नाही, असं ती त्या शिरेला मनातल्या मनात बजावत होती.

चाळीत पाऊल ठेवलं तर गॅलरीत ही गर्दी. मधोमध सगळ्यांनी वर्गणी काढून आणलेलं तांदळाचं पोतं, त्याला चक्क हार घातलेला, आणि पोत्यामागे बाबुराव उभे.

"गणपतराव," बाबुरावांनी घसा साफ केला, "आपण सगळे एकाच भट्टीतले. तुम्ही आमच्यासाठी केलंत, आता आमचा पण..."

"पोतं उचला," गणपतराव म्हणाले. आवाज खालचा होता.

"रागावू नका. अडचण काय कोणाला..."

"उचला म्हणतो ना!"

गणपतरावांचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. त्यांनी कठड्याचा आधार घेतला. मीनाक्षीला ती काचेची नळी डोळ्यांसमोर दिसली, आणि नळीला वरची कडा असते हेही आठवलं. मग शपथ वगैरे काही आठवलं नाही. ती सरळ पोत्यावर चढली.

"थांबा! आमच्या घरात तांदूळ आहे! डाळ आहे! आम्ही मीठ मुद्दाम घालत नाही! बाबांना ब्लडप्रेशर आहे!"

एवढ्यावर थांबली असती तर भागलं असतं. पण समोर माणसं होती आणि घंटा वाजवायला कोणी नव्हतं. तिने मीठ शरीरात काय करतं ते सांगितलं. मग मूत्रपिंडाकडे वळली. "आणि तुमच्या सुकटीमुळे," ती बोट उगारून म्हणाली, "आज ते आणखी वर गेलंय! आणि आता मेडिकलला..."

मेडिकल हा शब्द तोंडातून सुटला आणि तिची नजर बाबुरावांच्या नजरेला भिडली.

ज्यांनी शब्द टाकला त्यांच्याच समोर, त्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या पाची जणांच्या साक्षीने, मीनाक्षी साटमने बापाची नोकरी पोत्यावर उभं राहून जाहीर घालवली होती. तिने वडिलांकडे पाहिलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बघत होते. ती पोत्यावरून उतरली आणि चुरगळलेला हार नीट करू लागली.

"मलापण आहे," मागून कोणीतरी म्हणालं. अण्णा होते.

"काय आहे?" रमाबाईंनी वळून विचारलं.

"प्रेशर."

"आणि माका सांगूक नाय? म्हणून सगळी देऊन टाक म्हणत होतात? मेल्या, माझी सुकट!" रमाबाईंचा भोंगा खरोखरच वाजला. गिरणीचा बंद पडून वर्ष उलटलं होतं, त्याची उणीव त्या संध्याकाळी भरून निघाली.

त्या गदारोळात बाबुराव गणपतरावांजवळ सरकले. "माझी गोळी पांढरी आहे," ते हळूच म्हणाले. "तुझी?"

"पिवळी."

"हं. अरे, संपाने गिरणीवाल्यांचं काय वाकडं झालं ठाऊक नाय, आपल्या सगळ्यांचं रक्त मात्र वर चढवून ठेवलंय. हे बघ, गोदामात मी कोणाला काय बोलणार नाय, आणि या पाच जणांचं मी बघतो. पण पट्टा काय माझा मेहुणा नाय. पास तुलाच व्हायला लागेल."

त्या दिवसापासून खाऱ्या वाट्या थांबल्या. बरणी रमाबाईंकडेच राहिली आणि लक्ष्मीबाईंना रोज सकाळी तिथून मोजून चिमूट मिळू लागली. रमाबाईंची चिमूट म्हणजे पोलिसाची सही, वर एक कण नाही. लक्ष्मीबाईंनीही मग हार मानली नाही. आमटीत लसूण ठेचून घातली, बिनमिठाची सोलं आणली, लिंबू पिळलं, ओल्या खोबऱ्याचा आणि मिऱ्याचा हात सैल सोडला. मीनाक्षी रोज विचारायची, "बाबा, कशी आहे?" आणि गणपतराव रोज म्हणायचे, "औषध आहे." दिवाळी होऊन गेल्यावर एकदा ते काही न म्हणता दुसऱ्यांदा आमटी घेऊन मोकळे झाले. पोतं तर त्यांनी त्याच रात्री स्वतः खांद्यावर घेतलं आणि मागच्या चाळीतल्या तुळसाबाईंकडे पोचवलं, जिथे चूल खरोखरच एकच वेळ पेटत होती. 'जरा जास्त झालं' म्हणून.

मेडिकलला गणपतरावांनी मीनाक्षीला बरोबर नेलं. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून. रे रोडला गोदामाच्या वरच्या मजल्यावर कंपनीचा डॉक्टर बसला होता. खाली लाकडं कापण्याचा आवाज, खोलीत भुशाचा वास. मीनाक्षी वाटभर बोलत आली होती. काय विचारतील, काय सांगायचं, श्वास कसा घ्यायचा, हात कसा सैल सोडायचा.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, नळीकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली.

"जास्त आहे. असं नाही घेता येणार." गणपतरावांचा चेहरा पाहून ते थोडे नरमले. "जिना चढून आलात ना? बाहेर जरा शांत बसा. मग पुन्हा बघतो. त्यातही जास्त निघालं तर माझा इलाज नाही."

बाहेर एक लाकडी बाक होता. मीनाक्षीने तोंड उघडलं. तिला खूप सांगायचं होतं. मीठ आपण कमी केलं, फरक पडलाय, पडलाच असणार, घाबरायचं नाही, दीर्घ श्वास घ्या, पहिल्यांदा थोडा जास्तच येतो असं...

"मीना," गणपतराव म्हणाले. रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले. "तुझ्या पाया पडतो. गप बस."

मीनाक्षीने तोंड मिटलं.

सोपं नव्हतं ते. शब्द घशाशी येऊन रांग लावत होते, मागचे पुढच्यांना ढकलत होते. तिने ओठ दातांत धरले. खाली करवत थांबली. गणपतरावांनी डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं. तिने हळूच त्यांच्या कानामागे पाहिलं. शीर दिसत नव्हती. संप झाल्यापासून आपले बाबा असे नुसते बसलेले आपण पाहिलेच नाहीत, असं तिच्या मनात आलं, आणि हेही तिने बोलून दाखवलं नाही.

आतून हाक आली. पट्टा, फुगा, नळी. मीनाक्षी दारातच उभी राहिली.

"आता ठीक आहे," डॉक्टर म्हणाले आणि शिक्का उचलला. "काठावर आहात हां. मीठ कमीच ठेवा, गोळी चुकवू नका. पण एवढ्यात एवढा फरक? बाहेर काय केलंत काय?"

गणपतरावांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. "मी काय नाय केलं," ते म्हणाले. "जे काय केलं ते पोरीनं केलं."

जिना उतरून फाटकाबाहेर येईपर्यंत मीनाक्षीने कसाबसा धीर धरला. मग बांध फुटला. ती रे रोडपासून बोलू लागली ती लालबाग आलं तरी बोलतच होती, मूत्रपिंडासकट सगळं पहिल्यापासून. गणपतराव पायी तिच्या शेजारून चालत होते, आणि सबंध रस्ताभर एकदाही 'पुरे' म्हणाले नाहीत.